उघड्या मातीचं आमंत्रण

मेथीचा वाफा सपाट करायचा, बी टाकायचं, वरून चाळलेल्या गांडूळखताचा पातळ थर द्यायचा, हात धुवायला आत जायचं आणि बाहेर येऊन बघावं तर वाफ्याच्या मधोमध खड्डा, शेजारी मातीचा उंचवटा, आणि त्या उंचवट्याखाली काय आहे ते वासावरून कळतंच. तळमजल्यावर राहणाऱ्या आणि दारापुढे थोडीशी माती असलेल्या कुणालाही हे सांगायला नको. मी कोथरूडला एका जुन्या सोसायटीत राहते, पुढे दोन वाफे आहेत, गॅलरीत कुंड्या आहेत, घरात चिंगी आहे (मांजर) आणि सोसायटीत बाकीची बरीच मांजरं आहेत जी कुणाचीच नाहीत पण जेवतात मात्र सगळ्यांकडे. म्हणजे बाहेरची मांजरं वाफ्यात आणि घरातली कुंडीत, असा हा विषय माझ्याकडे दोन्ही बाजूंनी आहे, आणि मला झाडंही हवीत आणि मांजरंही हवीत, त्यामुळे त्यावर विचार बराच केलाय.

लोक विचारतात, "काय टाकलं की मांजर येत नाही?" जणू काही एखादी पावडर आहे, ती भुरभुरली की झालं. मला वाटतं आधी हे बघायला हवं की ते येतं कशासाठी. आपल्या मेथीशी, गुलाबाशी त्याचं काही वैर नसतं. त्याला हवी असते मोकळी, भुसभुशीत, कोरडी, उघडी माती. घरातल्या मांजराचं मूळ आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरात आहे, कोरड्या रेताड मुलखातलं जनावर, आणि विष्ठा मातीत पुरायची सवय त्याच्या अंगातच आहे. कुणी शिकवावी लागत नाही, डोळे उघडून जेमतेम महिना झालेलं पिल्लूसुद्धा वाळू दिसली की पंजा मारून बघतं. आणि आपण काय करतो, तर खुरपीने माती हलकी करतो, खडे वेचतो, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळतो, चाळून घेतो. एवढी छान जागा मांजराला शोधूनही मिळाली नसती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी कितीतरी वेळा बघितलंय. आधी वाफ्याच्या कडेने चालत येतं, नाक जमिनीला लावून वास घेतं, मग एका जागी पुढच्या पंजाने दोनदा तीनदा ओरखडून बघतं. तिथे काडी, मुळी, दगड काही लागलं की सोडून देतं आणि हातभर पुढे जाऊन परत ओरखडतं. जागा पटली की खड्डा, मग वळून बसणं, मग परत वास घेऊन माती ओढणं. जागा पटली नाही तर निघून जातं. हे "ओरखडून बघणं" आहे ना, तिथेच सगळं ठरतं. त्या दोन-तीन ओरखड्यांत पंजाला मऊ माती लागली नाही तर बाकी काही करायची गरजच पडत नाही.

ऋतूप्रमाणे ते जागाही बदलतात. पावसाळ्यात वाफे ओले गच्च असतात तेव्हा तिकडे कुणी फिरकत नाही, पण मग गॅलरीत पत्र्याखाली ज्या कुंड्या कोरड्या राहतात त्यांच्यावर संक्रांत. ऑक्टोबरमध्ये ऊन पडायला लागलं, माती वाळली, आणि नेमकं त्याच सुमाराला आपण हिवाळी भाज्या पेरायला घेतो, की मंडळी परत वाफ्यात. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि माती झाकून टाकते म्हणून ती त्यातल्या त्यात वाचते. कोथिंबिरीला मात्र उगवायलाच आठ-दहा दिवस, कधी जास्त, तोवर वाफा उघडा, त्यामुळे कोथिंबीर पेरली की खरी काळजी. पालकाचंही थोडंफार तेच. एकदा पाला दाटला की मांजर त्या वाफ्यात पाय ठेवत नाही, कारण त्याला ओरखडायला मातीच दिसत नाही.

आमच्या घरी सगळ्यात मोठा प्रश्न तुळशीचा होता. सासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात, दिवा लावतात, आणि तिथे मांजराने घाण केली की त्यांना ते फार लागायचं, आणि मला ते पूर्ण पटतं, त्यांच्यासाठी ती नुसती कुंडी नाहीये.

"अगं, बघ परत केलंन त्याने. डांबर गोळ्या टाक म्हणते मी केव्हाची."

"आई, डांबर गोळ्या नको हो, विष असतं ते त्यांना. आपण वरची माती झाकून टाकू या."

"झाकली तर पाणी कसं जायचं?"

हा प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून जुना माठ फुटला होता त्याच्या खापऱ्या आणि नर्सरीत मिळतात तसले अंगठ्याएवढे गुळगुळीत गोटे आणले, वरची चार बोटं माती काढून टाकून नवीन भरली (कारण वास राहिला तर त्याच जागी परत येतात, हे फार महत्त्वाचं आहे), आणि खोडाभोवती थोडी जागा सोडून सगळीकडे गोटे आणि खापऱ्या दाट मांडल्या. पाणी आरामात आत जातं, उलट उन्हाळ्यात माती कमी सुकते. आईंना ते दिसायलाही आवडलं, आता सणावाराला त्या गोटे धुऊन परत मांडतात. तुळशीत त्यानंतर काही झालेलं नाही.

आता डांबर गोळ्यांचं. यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे कारण चांगल्या मनाची माणसंसुद्धा हे करतात आणि त्यांना कल्पनाच नसते. डांबर गोळीत नॅफ्थलीन असतं, मांजराच्या पोटात गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी आणि लिव्हर दोन्हीला इजा करतं. "पण ते खाणार थोडंच आहे" असं म्हणतात. खायला लागत नाही हो. मांजर दिवसाचा केवढा तरी वेळ अंग चाटण्यात घालवतं, पंजाला आणि केसांना जे लागलं ते सगळं तोंडात. फिनाईलचंही तेच. आणि मांजराच्या लिव्हरमध्ये काही एन्झाइम फारच कमी असतात, त्यामुळे फिनॉलसारखी द्रव्यं ते आपल्यासारखी बाहेर टाकू शकत नाही, साठत जातात. याच कारणाने माणसाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. टी ट्री ऑइल, संत्र्या-लिंबाची तेलं, "नैसर्गिक आहे, काही होत नाही" म्हणून स्प्रे करतात, तीसुद्धा याच यादीत. कॉफीचा चोथा टाका असं सांगतात, त्यात कॅफीन असतं. आणि लाल तिखट! ते पंजाला लागतं, पंजा डोळ्याला लागतो, आणि मग ते जनावर दिवसभर डोळे चोळत फिरतं. एक वाफा वाचवायला एवढं करायचं? मला हे बघवत नाही.

लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या फाटकाला टांगतात ते निदान निरुपद्रवी आहे. उपयोग शून्य, पण इजाही नाही. लिंबाची, संत्र्याची सालं टाकली तर पहिले एक-दोन दिवस मांजर नाक मुरडतं, साल वाळली की संपलं.

जे चालतं ते सगळं मातीवर झाकण घालण्याचंच रूप आहे. नुकत्या पेरलेल्या वाफ्यावर भाजीवाल्याकडचे प्लास्टिकचे जुने क्रेट उलटे घालून ठेवले की ऊन, पाणी, हवा सगळं जातं आणि मांजर जात नाही, रोपं चार बोटं झाली की क्रेट उचलायचे. क्रेट नसतील तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी वाफ्यावर सपाट आंथरायची, कडा मातीत दाबायच्या, रोपं तिच्या भोकांतून वर येतात. मोठ्या झाडांच्या आळ्यात बोगनवेलीच्या छाटलेल्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या तर मांजर जवळ येऊन परत फिरतं, इजा काही होत नाही, ते मूर्ख नसतं, काट्यावर पाय देत नाही. आणि माझा सगळ्यात आवडता उपाय म्हणजे जुना खराटा. खराट्याचे हीर वीतभर तोडायचे आणि वाफ्यात चार-पाच बोटांच्या अंतरावर उभे खोचत जायचं. मांजराला वळून बसायला जागाच मिळत नाही. खर्च काही नाही, आणि वाळवी लागली तर मातीतच मिसळून जातात. संध्याकाळी पाणी घालून वाफा रात्रभर ओला ठेवला तर आणखी बरं, कारण त्यांची वर्दळ जास्त करून रात्री आणि पहाटे असते. नारळाच्या शेंड्या कुंडीत दाबून बसवल्या तरी छान, ओलावाही धरतात.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे हमखास विसरली जाते. वरच्या मजल्यावरच्या काकू मूळच्या मालवणकडच्या, मासे धुतलेलं पाणी गुलाबाला घालायची त्यांची पद्धत, आणि गुलाब येतातही असे की बघत राहावं. पण त्या वासाने मांजर कुंडी उकरणारच. बोनमीलचं, म्हणजे हाडांच्या चुऱ्याच्या खताचं, तसंच. मी काकूंना म्हटलं, "काकू, पाणी घाला पण माती उकरून खोलवर घाला आणि वरून साधी माती आणि शेंड्या टाका." आता त्या तसं करतात, आणि खत म्हणून निंबोळी पेंड वापरायला लागल्यात, तिला माशाचा वास नाही.

पण नुसतं झाकून भागत नाही, कारण मांजर कुठेतरी जाणारच आहे ना. सगळी माती बंद केली तर ते पार्किंगमध्ये जाईल, लहान मुलांच्या खेळायच्या जागेत जाईल. म्हणून त्याला त्याची जागा द्यायची. आमच्या मागच्या भिंतीशी, जिथे फारसं कुणी जात नाही आणि वर पत्रा आहे, तिथे अर्धा कापलेला प्लास्टिकचा ड्रम ठेवलाय, तळाला भोकं पाडून, त्यात बांधकामाची बारीक चाळलेली वाळू वीतभर. पहिल्यांदा त्यांनी ओळखावं म्हणून वाफ्यातून निघालेलं थोडंसं त्यातच पुरून ठेवलं. आणि अजून एक युक्ती केली. कुंड्यांमध्ये पावसाळ्यात आपोआप उगवणारं एक तण असतं, खोकली, कणसासारखा तुरा आणि त्यावर छोट्या पेल्यासारखी हिरवी पानं असलेलं. ते मुळासकट उपटलं की त्या मुळाच्या वासाने मांजरं वेडी होतात, लोळतात, गाल घासतात, लाळ गाळतात. परदेशात कॅटनिपचं, मांजरांना असंच वेड लावणाऱ्या झुडपाचं, कौतुक असतं, आपल्याकडे हे फुकट उगवतं. ते मूळ मी ड्रमच्या कडेला टाकलं. (आणि हो, कुंडीतलं तण काढताना खोकली उपटून तिथेच मातीवर टाकू नका, मग मांजर का आलं हा प्रश्न विचारायला नको.) ड्रम रोज साफ करावा लागतो, खुरपीने काढून पिशवीत बांधून कचऱ्यात. घाण झालेल्या वाळूत मांजर जात नाही, ते याबाबतीत फार काटेकोर असतं. आणि ही विष्ठा कंपोस्टमध्ये अजिबात घालायची नाही.

का नाही, ते सांगते, कारण इथे टोक्सोप्लाझ्माचा, म्हणजे गरोदरपणात लागला तर पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या परजीवीचा, विषय येतो आणि त्यावरून घरात फार भीती घातली जाते. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो हे खरं, मातीत महिनोन् महिने टिकतो हेही खरं. पण मांजर तो बहुतेक वेळा पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच बाहेर टाकतं, आणि बाहेर पडल्यावर तो संसर्गाला तयार व्हायलाच एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोजच्या रोज साफ केलं, बागेत हातमोजे घातले, वाफ्यातली भाजी नीट धुतली, की धोका खूप कमी होतो. कच्चं राहिलेलं मटण हेही त्याचं मोठं कारण आहे, त्याची चर्चा कुणी करत नाही. घरात सून गरोदर राहिली की "आधी ते मांजर बाहेर काढा" हे मी इतक्या घरांतून ऐकलंय, आणि वर्षानुवर्षं सोफ्यावर झोपलेलं मांजर एका संध्याकाळी कुठल्यातरी मार्केटजवळ सोडून येतात. नका करू असं. त्या नऊ महिन्यांत लिटर (मांजराच्या शी-शूचा वाळूचा ट्रे) दुसऱ्या कुणीतरी साफ करायचं, मातीत हात तिने घालायचा नाही, मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही, आणि डॉक्टरांशी बोलायचं. मांजर घरातच राहू शकतं.

आता घरातलं. घरातलं मांजर कुंडीत जातं त्याची दोन कारणं, माती आणि पानं. मातीचं वर सांगितलं तेच, गोटे किंवा शेंड्या. शिवाय त्याचं लिटर घाण असेल किंवा सुगंधी असेल तर ते कुंडी पसंत करतं, हे तपासायचं. पानांचं मात्र जिवावरचं असू शकतं आणि नर्सरीत हे कुणी सांगत नाही.

अळूची पानं खाजरी निघाली की घशाला काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक मनीप्लांटमध्ये असतात, डिफेनबेकियात, फिलोडेंड्रॉनमध्ये, मॉन्स्टेरात, पीस लिलीमध्ये असतात, ही सगळी अळूच्याच कुळातली. मांजराने चावलं की तोंडाची आग, लाळ, उलटी. बहुतेक वेळा त्यावर निभावतं. पण बुकेमध्ये येतात त्या खऱ्या लिली, मोठ्या, गुलाबी-पांढऱ्या, वासाच्या, त्या घरात आणायच्याच नाहीत. पान, पाकळी, परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी एक ते तीन दिवसांत मांजराच्या किडन्या निकामी होऊ शकतात. मांजर लिलीजवळ दिसलं तरी लक्षणांची वाट न बघता लगेच व्हेटकडे न्यायचं, पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. वाढदिवसाला कुणी असा बुके आणला तर मी दारातच लिली काढून शेजारी देते, ज्यांच्याकडे मांजर नाही. सायकस, ज्याला सागो पाम म्हणून विकतात, त्याने लिव्हर जातं. कण्हेर, अडेनियम आणि ती छान छोटी रंगीत फुलांची कलांचो ही हृदयावर परिणाम करणारी. ही सगळी गॅलरीतसुद्धा मांजराच्या आवाक्यात नकोत, आणि "उंच ठेवलंय" याला मांजराच्या बाबतीत काही अर्थ नाही.

मग ठेवायचं काय? अरेका पाम, स्पायडर प्लांट, बॉस्टन फर्न, कॅलाथिया, गुलाब, यांनी विषबाधा होत नाही. स्पायडर प्लांट चिंगी कुरतडते म्हणून टांगलेलाच असतो. आणि तिला तिचं गवत दिलंय. मांजराला हिरवं चावायची ओढ उपजतच असते, ती बंद करता येत नाही, त्यामुळे गहू रात्रभर भिजवून पसरट ट्रेमध्ये दोन बोटं कोकोपीटवर दाट पेरायचे, सात-आठ दिवसांत चांगलं बोटभर गवत होतं. गहू आपल्या डब्यातलेच घ्यायचे, बियाण्याच्या दुकानातले नको कारण त्यांना बुरशीनाशक चोळलेलं असतं. एक ट्रे संपत आला की दुसरा भिजत घालायचा. ताजं गवत समोर असलं की ती बाकीच्या झाडांकडे फारशी बघत नाही, ट्रे पिवळा पडला की मात्र लगेच स्पायडर प्लांटखाली जाऊन बसते आणि वर बघत राहते.

राहिला बोका. कुंडीच्या बाहेरच्या बाजूवर, भिंतीवर, दारावर उभ्याने फवारा मारलेला असेल तर त्याचा मातीशी काही संबंध नाही, ती हद्दीची खूण आहे, आणि त्यावर खापऱ्या, क्रेट काहीही चालत नाही. नसबंदी केली की बहुतेक बोक्यांचं हे बरंच कमी होतं. आणि माद्यांचं तर, चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत चार पिल्लं, मग परत. पोत्यात घालून लांब सोडून येणारे लोक आहेत, त्याने होतं काय तर ती जागा रिकामी होते आणि दुसरं मांजर येतं, आणि जे सोडलं ते अनोळखी जागी कुत्र्यांच्या तोंडी जातं. आमच्याकडे हा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये जोरात झाला होता. एका गृहस्थांनी उघडपणे विष घालायची भाषा केली तेव्हा मी आणि अजून दोघींनी उभं राहून सांगितलं की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे प्राण्याला मारणं, विष घालणं, पांगळं करणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि तुमच्या वाफ्याला क्रेट मी स्वतः आणून देते. क्रेट दिले. वर्गणी काढून एकेक मांजर पकडून नसबंदी करून घेतोय, झालेल्याच्या कानाचं टोक किंचित कापलेलं असतं त्यावरून ओळखू येतं. अजून दोन माद्या हाती लागत नाहीयेत, मागच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली असतात, त्यांच्यासाठी पिंजरा पुढच्या शनिवारी येणार आहे. कोथिंबीर त्याच्या आधीच पेरून घेईन म्हणते, क्रेट रिकामे आहेत सध्या.